मासळीचा बर्फ

हरिश्चंद्र मुंबई सोडून कायमचा गावी आला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत गावातली एकही वस्तू त्याने नावं ठेवल्याशिवाय सोडली नव्हती. गडग्याचे दगड वेडेवाकडे रचलेले, विहिरीची पायरी चुकीच्या अंगाला, भाकरी जाड, माणसं मंद. एकतीस वर्षं तो औषधांच्या एका गोदामात कामाला होता. तिथे नेमकं काय करायचा ते त्याने कधी सांगितलं नाही. मात्र त्याचं प्रत्येक बोलणं 'आमच्याकडे कंपनीत' असं सुरू व्हायचं आणि समोरचा उठून जाईपर्यंत चालायचं.

बायको मुलाबरोबर नालासोपाऱ्यालाच राहिली होती. गावचं पाणी तिला बाधतं, असं तो सांगे. लग्नानंतर सहा वर्षं ती हेच पाणी पीत होती, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोललं नाही.

सावित्री ही त्याच्या धाकट्या भावाची, लवूची बायको. थोरला दीर समोर आला की ती गाऊनवर टॉवेल घेई, ताट लांबूनच पुढे सरकवी, आणि तो बोलत असला की चुलीकडे बघे. तिला त्याचा राग येत नसे. चपलेला शेण लागलं तर त्याच्यावर कुणी रागवत नाही. पायरीला घासून टाकतं. शेजारच्या चिमाजवळ ती त्याला 'गोदाम' म्हणे.

"गोदाम जेवलं का गो?" चिमा विचारायची.

"जेवलं. आमटीत मीठ कमी होतं म्हणे."

लवूबद्दल तिला जे वाटे, ते मात्र ती चिमालाही सांगत नसे. लवू वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. पण भाऊ समोर आला की त्याची मान अशी खाली जाई, जणू जमिनीवर काहीतरी पडलंय आणि तो ते शोधतोय. बावीस वर्षांत त्याला ते सापडलं नव्हतं.

यंदा मोहोर उशिरा धरला. फेब्रुवारीत पावसाची एक सर येऊन गेली, पहिला मोहोर काळा पडला, दुसरा आला तो सगळा एकदम. एप्रिल संपता संपता सड्यावरची आंब्याची ऐंशीच्या ऐंशी कलमं एकाच वेळी तोडीला आली. सडा म्हणजे नुसता काळा कातळ. सुरुंग लावून खड्डे केलेले, त्यांत माती भरून लावलेली कलमं. दोन कलमांमध्ये उघडा दगड. सकाळी नऊला त्या दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि बाराला चपलेतूनही पाय भाजतो. पूर्णगडच्या बाजूने वारा येतो तोही खाडीवरून वाफ घेऊनच येतो. घाम येतो, तो वाळत नाही, अंगावर तसाच चिकटून राहतो.

म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून या बागेत एक रीत होती. उजाडताना तोडीला लागायचं, अकराला सड्यावरून खाली खोपीत यायचं, आंबे निवडायचे, पेट्या भरायच्या, आणि उन्हं कलल्यावर पुन्हा वर जायचं. हरिश्चंद्राने ही रीत मोडली.

"अकरा ते चार म्हणजे पाच तास," तो म्हणाला. "आमच्याकडे कंपनीत अर्धा तास लंच असायचा. तेवढ्यात माणसं जेवून, विडी ओढून परत हजर."

"कंपनीत छप्पर होतं नाय?" चिमाने विचारलं. तीही रोजाने तोडीला यायची.

"तोंडाने काम होत नाही," हरिश्चंद्र म्हणाला. "फळ झाडावर पिकून गळायला लागलं तर तू जबाबदार राहणार आहेस काय?"

मार्च महिन्यात वाडीची आशाताई योगिनी बागेत आली होती. हातात चित्रांचा मोठा कागद, खांद्याला पिशवी, त्या पिशवीत मीठसाखरेच्या पुड्या. माणसांना गडग्यापाशी सावलीत बसवून ती सांगायला लागली. उन्हात डोकं दुखलं, मळमळलं, पायांत गोळे आले, की सावलीत यायचं, पाणी घ्यायचं, पुडी घ्यायची. हे झालं साधं. पण माणूस भलतंसलतं बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला आणि अंग भट्टीसारखं लागलं, तर ते साधं नाही. घाम असला तरी नाही आणि नसला तरी नाही.

"मग गाडी बघायची?" सावित्रीने विचारलं होतं.

"गाडी बघायचीच. पण ती येईस्तोवर हात बांधून बसायचं नाय. आदी गार करायचं. कपडे काढायचे, पाणी ओतायचं, वारा घालायचा. मानेला, काखेत, जांघेत बर्फ मिळाला तर बर्फ. तापाची गोळी द्यायची नाय, हा ताप तसला नाय. आणि शुद्ध नसली तर तोंडात थेंब घालायचा नाय, फुप्फुसात जातं."

एवढ्यात हरिश्चंद्र तिथे आला. त्याने तो कागद उलटासुलटा करून बघितला.

"एकतीस वर्षं मी औषधांत काढली," तो म्हणाला. "मला तू शिकवणार? सरकारने यांना दोन गोळ्या वाटायला दिल्या की या डॉक्टर. जा गो, माझी माणसं खोळंबलीत."

योगिनीने कागदाची गुंडाळी केली. जाताना पुड्या तिने सावित्रीच्या हातात दिल्या. हरिश्चंद्राच्या तोंडाकडे तिने बघितलंसुद्धा नाही, आणि सावित्रीला ते फार आवडलं.

मे लागला. दोन नेपाळी माणसं होती कामाला, गोड स्वभावाची, झाडावर वानरासारखी चढणारी. अकराची सुट्टी बंद झाली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्यांची खोपी रिकामी होती. पलीकडच्या बागेत गेली.

"गेली तर गेली," हरिश्चंद्र म्हणाला. "काय कठीण आहे त्यात? मी तोडतो."

त्याचं वय एकसष्ट. रक्तदाबाची गोळी चालू होती, लघवी जास्त होणारी. सकाळी ती घेतली आणि फुलपँट, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, पट्टा, बूट असा कंपनीत निघाल्यासारखा तो सड्यावर आला. उन्हाने काळा पडू नये म्हणून शर्टाची कॉलरपर्यंतची बटणं लावलेली. हातात झेला घेतला. झेला म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला जाळी आणि पातं. देठ कापला की आंबा जाळीत पडतो. मान वर करून, डोळ्यांत ऊन घेत, दोन्ही हात डोक्यावर ठेवून तासन्तास करायचं काम. पहिल्या तासात त्याने सहा आंबे खाली कातळावर पाडले. दर वेळी झेल्याला शिव्या दिल्या.

साडेदहाला सावित्रीने कळशी फिरवली. चिमा दोन तांबे प्यायली, लवू प्यायला.

"भावोजी, पाणी."

"आत्ताच चहा घेतलाय. तुमचं हेच. तासातला पाव तास पाण्यात."

तिने कळशी खाली ठेवली. आग्रह केला नाही. नंतर तिला स्वतःला विचारावं लागलं, की का केला नाही. आणि उत्तर तिला चांगलं ठाऊक होतं. तो तहानेने कोरडा पडला असता तर तिला बरं वाटलं असतं, एवढंच ते उत्तर होतं.

अकरा वाजले, कुणी खाली गेलं नाही. बाराला सड्यावर कावळासुद्धा दिसेना. लवू क्रेट वाहत होता, त्याच्या पाठीवर शर्ट चिकटून आतली हाडं दिसत होती. "जरा टेकूया काय, दादा," असं तो एकदा बोलला, पण इतक्या हळू, की ते त्याच्या स्वतःच्या छातीलाच ऐकू गेलं असावं.

साडेबाराच्या सुमाराला हरिश्चंद्र एका कलमासमोर उभा राहिला. झेला त्याने सोडून दिला होता.

"गेटपास दाखवा," तो कलमाला म्हणाला.

चिमा फिसकन हसली. "बघ गो, गोदामाला कंपनी आठवली."

"गेटपासशिवाय माल बाहेर जाणार नाही. साहेबांना बोलवा." त्याने फांदी धरून हलवली. मग तो वळला आणि दोन पावलं टाकली. ती पावलं दारुड्याची होती, आणि हरिश्चंद्राने जन्मात दारू घेतली नव्हती. त्याचाही त्याला ताठा होता.

सावित्रीही हसणार होती. हसू ओठांवर आलंही होतं. पण तिने त्याचं तोंड बघितलं. जांभळट लाल. डोळे तिच्याकडे होते आणि तिला बघत नव्हते. ती पुढे गेली आणि जे बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. त्याचं मनगट धरलं. भाकरी उलटताना तव्याला बोट लागावं तसा तिने हात मागे घेतला, आणि पुन्हा धरला. तेवढ्यात त्याचे गुडघे वाकले. डोकं दगडावर आपटू नये एवढंच तिला करता आलं.

"लवू," तिने हाक मारली. नवऱ्याला ती चारचौघांत नावाने हाक मारत नसे. "पाय धरा. टाकीकडे."

फवारणीसाठी पाणी साठवायची सिमेंटची टाकी बागेच्या मध्ये होती, दोन मोठ्या कलमांच्या सावलीत, वरून माडाच्या झापांनी झाकलेली. तिथपर्यंत तिघांनी त्याला ओढत, उचलत नेलं. माणूस गप्प असला की किती जड असतो ते सावित्रीला त्या दिवशी कळलं. बडबडत असताना तो तिला कधी एवढा जड वाटला नव्हता.

लवू तांब्या घेऊन धावला. "दादा, पाणी पी. दादा, तोंड उघड."

सावित्रीने तांब्याला फटका मारला. पाणी कातळावर सांडलं आणि बघता बघता वाळलं.

"शुद्ध नाय त्यांना. तोंडात घालू नका."

"अगो, पण पाणी..."

"अंगावर घाला. सगळं अंगावर." ती खाली बसली आणि शर्टाची बटणं काढायला लागली. वरचं बटण घट्ट होतं, ते निघेना. तिने शर्ट दोन्ही हातांनी धरून फाडला. मग पट्ट्याला हात घातला.

"सावित्री." लवूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "थोरला दीर आहे तुझा. काय करतेस ते समजतंय काय?"

"समजतंय."

"कुणी बघितलान तर गावात तोंड दाखवायला..."

"मेल्यावर आंगोळ घालताना काढालच ना कपडे?" ती म्हणाली. वर बघायला तिला वेळ नव्हता. "त्याच्यापेक्षा आत्ता काढू दे. बूट सोडा त्यांचे."

लवू उभाच राहिला. बूट चिमाने सोडले. फुलपँट ओढून काढली, आणि वाडीभर ज्याच्या इस्त्रीची चर्चा होती तो हरिश्चंद्र निळ्या पट्ट्यांच्या चड्डीवर कातळावर पडला. पोट पांढरं, पाय काटकुळे, छातीवर करडे केस. चिमाने एक बादली ओतली, सावित्रीने दुसरी. डोक्यावर, मानेवर, पोटावर, पायांवर. पाणी थंडगार नव्हतं, पण सावलीतलं होतं. खांद्यावरचा टॉवेल सावित्रीने भिजवून त्याच्या छातीवर पसरला, तो गरम झाला की पुन्हा भिजवला.

"वारा घाला," ती लवूला म्हणाली. "क्रेटचं झाकण घ्या आणि घाला."

सांगितलेलं काम लवूला जमायचं. तो झाकण घेऊन बसला आणि जीव तोडून वारा घालू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सावित्रीने ते बघितलं. तिला माया आली नाही, घाईच होती.

हरिश्चंद्राला उलटी झाली. तिने त्याला कुशीवर वळवलं, बोटाला पदर गुंडाळावा तसं टॉवेलचं टोक गुंडाळून त्याचं तोंड पुसलं. अंग अजून तसंच तापलेलं. फोनला सड्यावर रेंज नव्हती.

तेव्हा खालच्या रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. पूर्णगडचा दर्शन मासळीचा तीनचाकी टेंपो घेऊन सकाळी वरच्या गावांना जायचा आणि दुपारी याच वेळेला परत फिरायचा.

"चिमा, त्याला थांबव. बर्फ घेऊन वर ये म्हणावं."

चिमा पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली बाई. ती सड्यावरून जी पळाली ती नेपाळ्यांनाही जमली नसती. थोड्या वेळाने दर्शन थर्माकोलचा खोका छातीशी धरून धापा टाकत वर आला. खाली पडलेल्या माणसाकडे बघून तो थबकला.

"काकी, बर्फ मासळीचा आहे हां. बांगडे होते यात."

"त्याला काय खायचाय?" सावित्री म्हणाली. "दे."

बर्फाचा चुरा तिने भिजल्या फडक्यांत बांधला. एक पुरचुंडी मानेशी, दोन काखांत, दोन जांघेत. दर्शनने नजर दुसरीकडे वळवली. सावित्रीने वळवली नाही. बर्फातून बांगड्याची खवलं सुटून हरिश्चंद्राच्या पांढऱ्या पोटावर चिकटली, गुलाबी पाणी त्याच्या बरगडीवरून ओघळलं. आमटीत मासळीचा वास आला तरी ताट सारणारा माणूस. त्याचा श्वास कुत्र्यासारखा चालला होता. ती बादल्या ओतत राहिली. एक, दोन, दहा. टाकीचं पाणी वीतभर खाली गेलं.

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. दर्शन नंतर म्हणाला, वीस मिनिटं. हरिश्चंद्राचा श्वास जरा संथ झाला. पापण्या हलल्या. त्याने डोळे उघडले, टाकीकडे बघितलं, ओल्या कातळाकडे बघितलं, आणि जड जिभेने बोलला, "पाणी... फुकट कशाला घालवताय? फवारणीचं आहे."

सावित्री टाचांवर बसली. हातातली बादली तिने खाली ठेवली ती तेव्हा.

"आलं ठिकाणावर," चिमा म्हणाली.

त्याला टेंपोत घातलं. मागच्या हौद्यात, रिकाम्या खोक्यांमध्ये, ओल्या टॉवेलात. सावित्री शेजारी बसली, कळशीतून पाणी शिंपडत. लवू पायाशी. वाटेत वाडी लागली, बसथांबा लागला. लोक उभे होते. हरिश्चंद्र आता चांगला शुद्धीवर होता. तो टॉवेल वर ओढायचा प्रयत्न करत होता. वर ओढला की पाय उघडे पडत, खाली ओढला की छाती.

रत्नागिरीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने ताप बघितला, एकशे दोन. कशाने झालं, किती वेळ बेशुद्ध होते, सगळं विचारलं. मग बर्फाच्या पुरचुंड्या उचलून बघितल्या आणि वास घेऊन भुवया वर केल्या.

"तिथे एकशे सहाच्या पुढे असणार. असंच उचलून आणलं असतं तर हाती काही राहिलं नसतं. कुणी केलं हे?"

सावित्री कोपऱ्यात उभी होती, ओल्या गाऊनमध्ये, अंगाला खवलं. तिने लवूकडे बघितलं. लवूने जमिनीकडे बघितलं.

"ते... मासळीवाला होता एक," तो म्हणाला. "त्याने बर्फ दिलान."

डॉक्टरणीने मान हलवली आणि कामाला लागली. सावित्री अंगावरची खवलं नखाने काढत राहिली. नवऱ्याबद्दल तिला जे वाटे, त्यात थोडी जागा शिल्लक होती. ती त्या दिवशी भरली.

पाच दिवस हरिश्चंद्र तिथे होता. लघवी कोऱ्या चहासारखी काळी होत होती, ती तिसऱ्या दिवसापासून स्वच्छ झाली. सहाव्या दिवशी मुलगा विनीत त्याला घरी सोडून नालासोपाऱ्याला परत गेला. जाताना काकूला म्हणाला, "बाबांकडे लक्ष ठेवा, आम्हाला रजा नसते."

घरी आल्यावर हरिश्चंद्र ओटीवर आरामखुर्चीत बसला. शर्ट नवा, बटणं गळ्यापर्यंत. खालच्या वाडीतला महिपत समाचाराला आला. सावित्री चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बोलणं चाललं होतं.

"काही नाही, जराशी चक्कर," हरिश्चंद्र सांगत होता. "बीपी. मला कळलं होतं आधीच, मी म्हटलं यांना, टेकतो जरा. पण या बायकांनी जो गोंधळ घातला. डॉक्टर हुशार मिळाली म्हणून वाचलो."

"लोक म्हणतात, टेंपोतनं आणलान..." महिपतने कपाच्या आडून हसू लपवलं.

हरिश्चंद्राची मान लाल झाली. महिपत चहा संपवून गेला. सावित्री कप उचलायला वाकली.

"सावित्री, थांब," तो म्हणाला. लवू दारात होता, तो आत सरकला. "मी बोललो नाही आजारपणात. पण तुला काही रीतभात आहे की नाही? चारचौघांत, त्या कोळ्याच्या पोरासमोर, माझ्या अंगावरची फुलपँट काढलीस. मी कोण आहे तुझा?"

सावित्री कप हातात घेऊन सरळ उभी राहिली. खांद्यावर टॉवेल नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून तिने तो घेतलाच नव्हता, आणि घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"उद्यापासून अकराला आमी खाली येणार," ती म्हणाली. "मी, चिमा, आणि नेपाळी परत येतो म्हणतात तेही. उन्हं कलली की वर जाऊ. पाणी हवं तेवढं पिऊ."

"मी काय विचारतोय तुला?"

"ऐकलं ते. तुमचं म्हणणं बरोबर आहे, भावोजी. विचारायला हवं होतं." तिने बशीतला सांडलेला चहा अंगणात ओतला. "पुन्हा पडलात तर आदी विचारीन, काढू काय म्हणून. नीट उत्तर दिलात तर हात लावणार नाय. गेटपास मागितलात तर काढीन."

हरिश्चंद्राचं तोंड उघडलं. आमच्याकडे कंपनीत, असं काहीतरी त्याच्या ओठांशी आलं असावं, कारण ओठ हलले. त्याला बोलायचं असेल तर बोलू दे, म्हणून सावित्री थांबली. त्याचा हात आपोआप पट्ट्याच्या बकलाकडे गेला आणि तिथेच राहिला.

ती आत गेली. आत लवू भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात तिने कपबश्या दिल्या.

"धुवा," ती म्हणाली, आणि परसदारी झेल्याच्या पात्याला धार लावायला बसली.